दूरच्या वादळाची लाट : वॉल्टर मंक यांचें समुद्रसंशोधन

गेल्या ऑक्टोबर महिन्यांत आठवीच्या विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही समुद्रकिनाऱ्यावर गेलों होतों. वारा मुळींच नव्हता. माडांच्या झावळ्या स्तब्ध होत्या, आणि दूरवर पाणी तेल ओतल्यासारखें गुळगुळीत दिसत होतें. तरीहि मोठमोठ्या लाटा एकामागून एक, सावकाश व नियमितपणें, वाळूवर येऊन फुटत होत्या. एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, वारा नाहीं, मग ह्या लाटा कोठून येतात?" आम्ही शिक्षकांच्या नित्याच्या संवयीनें, क्षणभरहि विचार न करितां सांगून टाकिलें, "भरती चालू आहे ना!" त्यावर मागें उभा असलेला एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, आतां ओहोटी आहे." त्याचे वडील मच्छीमार होडीवर तांडेल आहेत. त्याचें म्हणणें खरें होतें. ओली वाळू पंचवीस पावलें उघडी पडली होती, व ती आमच्याच पायांखालीं होती.

शिक्षकाचें उत्तर चुकलें तर तें त्यानें दुरुस्त करून द्यावें, हें उचित होय. त्यासाठीं पुस्तकें चाळूं लागलों असतां एका अशा शास्त्रज्ञाची गांठ पडली कीं ज्यानें हाच प्रश्न आमच्या विद्यार्थ्याप्रमाणें विचारला, परंतु आमच्याप्रमाणें घाईनें त्याचें उत्तर दिलें नाहीं. त्याचें नांव वॉल्टर मंक. त्याची हकीकत पालकांसहि वाचनीय वाटेल असें समजून ती येथें देत आहों.

मंक यांचा जन्म ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरीं १९ ऑक्टोबर १९१७ रोजीं एका श्रीमंत घराण्यांत झाला. आईचे वडील पेढीवाले होते. मुलाचें लक्ष अभ्यासापेक्षां बर्फावरून घसरण्याच्या खेळाकडे अधिक; म्हणून १९३२ सालीं घरच्यांनीं त्यास अमेरिकेंतील न्यूयॉर्क प्रांतांत एका वसतिगृहाच्या शाळेंत धाडलें. पुढें त्यानें पेढीच्या धंद्यांत शिरावें असा बेत होता, व कांहीं वर्षें त्यानें न्यूयॉर्कच्या एका पेढींत कामहि केलें. परंतु जमाखर्चाच्या वह्यांत त्याचा जीव रमेना. १९३७ सालीं ती नोकरी सोडून तो कॅलिफोर्नियांतील प्रसिद्ध तंत्रविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकण्यास गेला. ज्या पालकांनीं आपल्या मुलाचा धंदा आधींच मनांत ठरवून ठेविला आहे, त्यांनीं एवढा भाग दोनदां वाचावा.

१९३९ च्या उन्हाळ्यांत तो ला होया येथील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेंत तात्पुरतें काम करण्यास गेला. ह्याचें कारण फारसें शास्त्रीय नव्हतें. त्याच्या ओळखीची एक तरुणी त्या गांवीं सुटींत राहावयास येत असे, व ही गोष्ट ते स्वतः म्हातारपणींहि हंसून सांगत. संस्थेचे संचालक हारल्ड स्वेर्ड्रुप हे नॉर्वेचे विद्वान. मंकनें त्यांस आपला शिष्य करून घेण्याची विनंति केली तेव्हां त्यांनीं स्पष्ट सांगितलें कीं, येत्या दहा वर्षांत ह्या शास्त्रांत एकहि नोकरी निघेल असें वाटत नाहीं. मंकनें तरीहि शिष्यत्व पत्करलें, आणि तेथून पुढें सुमारें ऐशीं वर्षें त्यानें तो किनारा सोडला नाहीं.

ऑस्ट्रिया जर्मनीनें १९३८ सालीं गिळंकृत केला होता. मंक हा अमेरिकेचा नागरिक होऊन सैन्यांत भरती झाला, व १९४१ च्या अखेरीस त्यास तेथून मोकळें करून युद्धोपयोगी संशोधनाकडे लाविण्यांत आलें. १९४२ सालीं अमेरिकन सैन्य आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यावर उतरविण्याची गुप्त तयारी चालली होती. कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर सपाट बुडाच्या होड्यांतून सैनिक उतरविण्याचा सराव होई. पंचविशीच्या ह्या तरुणाच्या लक्षांत आलें कीं, लाट पांच-सहा फुटांवर गेली म्हणजे होडी आडवी होऊन पाण्यानें भरते आणि त्या दिवशींचा सराव बंद ठेवावा लागतो. मग त्यानें साधा प्रश्न केला : आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावर हिंवाळ्यांत लाटा केवढ्या असतात? जुन्या नोंदी पाहिल्या तों बहुतेक दिवस त्या सहा फुटांहून उंच! सरावाच्या दिवशीं काम थांबवितां येतें. शत्रूच्या तोफांसमोर थांबवितां येत नाहीं. वरिष्ठांनीं हें प्रथम मनावर घेतलें नाहीं. तेव्हां मंकनें आपल्या गुरूस कळविलें. आणि स्वेर्ड्रुप यांच्या शब्दास वजन असल्यामुळें काम सुरू झालें.

गुरुशिष्यांनीं बसविलेली रीति थोडक्यांत अशी. लाटेची उंची तीन गोष्टींवर अवलंबून असते : वाऱ्याचा वेग किती, तो किती तास वाहिला, आणि किती लांबीच्या पाण्यावर वाहिला. हवामानाच्या नकाशावरून ह्या तीन गोष्टी काढल्या म्हणजे वादळाच्या जागीं लाट केवढी उठेल हें सांगतां येतें. नंतर ती किनाऱ्याकडे येतांना किती उतरेल व उथळ पाण्यांत पुन्हां किती चढेल ह्याचा हिशेब करावयाचा. परंतु एक अडचण होती. समुद्रावर एक लाट दुसरीसारखी कधींच नसते. मग लाटेची उंची म्हणून कोणता आंकडा धरावा? होडी हांकणाऱ्यांस विचारलें तर ते जो अंदाज सांगत तो सर्व लाटांच्या सरासरीशीं जुळेना. तो नेहमीं अधिक असे. कारण उघड आहे : खलाशाच्या ध्यानांत लहान लाट राहत नाहीं. तेव्हां ओळीनें आलेल्या लाटांपैकीं सर्वांत उंच अशा एकतृतीयांश लाटा घेऊन त्यांचीच सरासरी धरावी असें ठरलें. शास्त्रज्ञानें आपलें माप खलाशाच्या नजरेशीं जुळवून घेतलें, हें आम्हांस मोठें गोड वाटतें. हें माप जगभर रूढ झालें आहे.

ह्या रीतीचें शिक्षण हवामान खात्याच्या अनेक तरुण अधिकाऱ्यांस स्क्रिप्स येथें देण्यांत आलें. १९४४ च्या जून महिन्यांत फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर दोस्तांचें सैन्य उतरलें, तेव्हां लाटांचा अंदाज करणारांच्या हातीं हीच रीति होती. ५ जूनचा बेत खराब हवेमुळें रहित करून ६ जून हा दिवस धरण्यांत आला. त्या दिवशींहि समुद्र शांत नव्हता; पण उतरणें शक्य होतें. किती जीव त्यामुळें वांचले ह्याची मोजदाद कोणीं केलेली नाहीं, व ती करितांहि येणार नाहीं.

आतां आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. युद्ध संपल्यावर १९४७ सालीं मंक यांस डॉक्टरची पदवी मिळाली, आणि वादळ सोडून दूर निघालेली लाट कोठवर जाते हा विषय त्यांनीं हातीं घेतला. हें समजण्यास एक आगगाडीचें उदाहरण घ्यावें. एका स्टेशनांतून एकाच वेळीं मेल व पॅसेंजर अशा दोन गाड्या सुटल्या. मेलचा वेग ताशीं ६० किलोमीटर, पॅसेंजरचा ३०. आपल्या स्टेशनावर मेलनंतर एका तासानें पॅसेंजर आली तर सुटण्याचें स्टेशन ६० किलोमीटरांवर असलें पाहिजे. दहा तासांनीं आली तर ६०० किलोमीटरांवर. गाड्या कोठून सुटल्या हें कोणीं न सांगतांहि केवळ त्यांच्या येण्याच्या अंतरावरून तें कळतें. समुद्राच्या लाटांचें असेंच आहे. वादळांत लहान, मोठ्या, आंखूड व लांब अशा सर्व लाटा एकदम उठतात. खोल पाण्यांत लांब लाट वेगानें जाते, आंखूड लाट मागें राहते. म्हणून दूरच्या किनाऱ्यावर प्रथम लांब लाटा येतात, आणि दिवसागणिक दोन लाटांमधील काळ कमी कमी होत जातो. हा काळ किती लवकर उतरतो त्यावरून वादळाचें अंतर निघतें.

विद्यार्थ्यांसाठीं हिशेबाचें सूत्रहि देतों. एका लाटेच्या माथ्यापासून दुसरीच्या माथ्यापर्यंत जितके सेकंद लागतात त्या संख्येस २.८ नें गुणावें. जो आंकडा येईल तितके किलोमीटर लाटांचा तो समूह खोल समुद्रांत दर तासास जातो. वीस सेकंदांच्या लाटा ताशीं ५६ किलोमीटर जातात, दहा सेकंदांच्या २८. (समूहांतील एकेक माथा ह्याच्या दुप्पट वेगानें धांवतो, पण समूहाच्या पुढच्या कडेस पोंचला कीं विरून जातो. तो चमत्कार पुढें महाविद्यालयांत कळेल.)

१९५० नंतरच्या वर्षांत मंक व त्यांचे सहकारी फ्रँक स्नॉडग्रास यांनीं मेक्सिकोच्या ग्वादलूप बेटाजवळ समुद्रतळाशीं दाब मोजणारीं नाजूक यंत्रें ठेविलीं. डोळ्यांस न दिसणारी, मिलिमीटरभर उंचीची लांब लाटहि त्या यंत्रांस समजे. अंतराचे हिशेब करितां आंकडे असे येऊं लागले कीं तितका लांब पॅसिफिक महासागरच नाहीं! हिशेबांत चूक आहे असेंच कोणासहि वाटलें असतें. पुढें १९५९ सालीं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून दूर एका बेटाजवळ तीन यंत्रें त्रिकोणांत मांडून त्यांनीं लाटांची दिशाहि मोजली, तेव्हां उलगडा झाला. कांहीं लाटा आपल्या हिंदी महासागराच्या दक्षिण भागांतील वादळांतून निघाल्या होत्या. ऑस्ट्रेलिया व दक्षिण ध्रुवखंड यांच्यामधील मोकळ्या पाण्यांतून वाट काढून, जवळजवळ अर्ध्या पृथ्वीस वळसा घालून त्या अमेरिकेच्या दाराशीं आल्या होत्या.

पण लाट इतकी दूर जाते ती वाटेंत झिजते किती? ह्यासाठीं १९६३ सालीं त्यांनीं एक मोठा प्रयोग मांडला. न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत एका सरळ रेषेवर सहा ठाणीं नेमलीं : न्यूझीलंडचें केप पॅलिसर, सामोआ, पामायरा हें लहानसें बेट, हवाई, आणि शेवटीं अलास्कांतील याकुटाट. हवाई व अलास्का यांच्यामध्यें बेटच नाहीं. तेथें 'फ्लिप' नांवाचें विलक्षण जहाज उभें केलें. उभें केलें हें शब्दशः खरें आहे : हें १०८ मीटर लांबीचें जहाज आपल्या शेपटाच्या भागांत पाणी भरून घेऊन काठी रोवल्याप्रमाणें पाण्यांत उभें राहत असे, व मग लाटांनीं फारसें हालत नसे. मंक स्वतः पत्नी व मुलींसह सामोआच्या ठाण्यावर राहिले. दक्षिणेंतील हिंवाळ्याच्या वादळांतून निघालेली एकेक लाट हीं माणसें ठाण्यांमागून ठाणें ओळखीत गेलीं. व्यापारी वाऱ्यांच्या खवळलेल्या पट्ट्यांतून जातांना ती पुष्कळ मोडेल असा तर्क होता. तर्क खोटा ठरला. लाट जी कांहीं शक्ति गमावते ती बहुतेक वादळाच्या आसपासच. एकदां तेथून बाहेर पडली कीं हजारों किलोमीटर ती जवळजवळ अबाधित जाते. पसरल्यामुळें तिची उंची कमी होते खरी, पण ती मरत नाहीं. ह्याचा अहवाल १९६६ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

मंक यांच्या बाकीच्या कामाचा आढावा आम्ही धांवताच घेतों. वाऱ्यामुळें महासागरांत जे प्रचंड वर्तुळाकार प्रवाह फिरतात त्यांचें गणित त्यांनीं १९५० सालीं मांडलें. मेक्सिकोच्या आखातांतून येणारा उष्ण प्रवाह महासागराच्या पश्चिम कडेस चिकटून इतक्या जोरानें कां वाहतो ह्याचा उलगडा त्यांत आहे. पृथ्वीच्या भ्रमणांतील सूक्ष्म अनियमितपणा वारे, समुद्र व भरती-ओहोटी यांच्यामुळें कसा होतो ह्यावर गॉर्डन मॅक्डोनल्ड यांच्यासह त्यांनीं लिहिलेला ग्रंथ १९६० सालीं निघाला. समुद्राच्या पोटांतील, वरून न दिसणाऱ्या लाटांविषयीं ख्रिस गॅरेट यांच्यासह १९७२ सालीं केलेलें विवेचन तर दोघांच्या नांवानेंच ओळखलें जातें.

सगळेंच साधलें असें मात्र नाहीं. समुद्राच्या तळास भोंक पाडून पृथ्वीच्या कवचाखालचा थर गांठावा, ही कल्पना पुढें आणणारांत १९५७ सालीं हॅरी हेस यांच्याबरोबर मंकहि होते. १९६१ सालीं ग्वादलूपजवळ साडेतीन हजार मीटरांहून अधिक खोल पाण्यांत तळाखालीं १८३ मीटर भोंक पाडण्यांत आलें. खालचा थर तेथून अजून कित्येक किलोमीटर दूर होता. पुढें खर्च बेसुमार वाढला, व्यवस्थेचा घोळ झाला, आणि १९६६ सालीं अमेरिकेच्या कायदेमंडळानें पैसा बंद केला. तथापि खोल समुद्रांत नांगर न टाकतां जहाज एका जागीं स्थिर ठेवण्याची जी युक्ति त्यांत सिद्ध झाली, ती नंतरच्या समुद्रतळ-संशोधनास फार उपयोगीं पडली.

वयाची साठी उलटल्यावर त्यांनीं आणखी एक नवें काम काढलें. समुद्राच्या पोटांतील उष्णता मोजावी कशी? जागोजाग तापमापक सोडणें अशक्य. परंतु पाण्यांत ध्वनि सेकंदास सुमारें दीड किलोमीटर जातो, आणि पाणी जितकें ऊन तितका तो अधिक वेगानें जातो. तेव्हां एका ठिकाणीं आवाज करावा, दूरच्या ठिकाणीं तो ऐकावा, आणि लागलेल्या वेळावरून मधल्या पाण्याची उष्णता काढावी, अशी योजना कार्ल वुन्श व मंक यांनीं १९७९ सालीं मांडली. १९९१ च्या जानेवारींत ह्याची परीक्षा झाली, आणि तीहि पुन्हां हिंदी महासागरांतच. दक्षिणेकडील हर्ड बेटाजवळून, जहाजांतून खोल सोडलेल्या यंत्रांनीं मंद स्वराचा आवाज केला : सेकंदास ५७ कंपनें, कारण विजेच्या यंत्रांची घरघर ५० किंवा ६० कंपनांची असते व तिच्याशीं गोंधळ होऊं नये. निरनिराळ्या देशांनीं कान लाविले होते, त्यांत भारतहि होता. अटलांटिकमधील बर्म्यूडा बेटापर्यंत व अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत तो आवाज पोंचला. अठरा हजार किलोमीटर जाण्यास त्यास तीन तासांहून अधिक वेळ लागतो. एवढ्या वाटेवरील पाणी अंशाच्या पांच सहस्रांशानें जरी तापलें तरी आवाज सुमारें एकपंचमांश सेकंद अगोदर येईल, असा हिशेब आहे. पांच-सहा दिवसांत तुफानानें यंत्रें मोडून टाकिलीं. पण आवाज पोंचतो हें सिद्ध झालें होतें.

पुढें असेच आवाज पॅसिफिकमध्यें करण्याचें ठरलें तेव्हां, देवमाशांस ह्याचा त्रास होईल म्हणून अमेरिकेंत मोठा गहजब झाला. काम कांहीं काळ अडून राहिलें, व त्या प्राण्यांवर काय परिणाम होतो ह्याची पाहणी करणें भाग पडलें. मंक यांस ह्याचा मनस्ताप झाला असेल. परंतु आम्हांस वाटतें कीं लोकांनीं विचारलेला प्रश्न योग्यच होता. समुद्र हा काहीं केवळ शास्त्रज्ञांचा नव्हे.

२००२ सालीं, पंचाऐंशीच्या घरांत असतां, त्यांनीं आणखी एक कोडें घातलें. विसाव्या शतकांत समुद्राची पातळी जितकी वाढली असें मोजमाप सांगतें, तितकी वाढ पाणी तापून फुगण्याच्या व बर्फ वितळण्याच्या त्या वेळच्या आंकड्यांतून निघत नाहीं; आणि बर्फ अधिक वितळलें म्हणावें तर पृथ्वीच्या भ्रमणांत त्याचा पुरावा दिसला पाहिजे, तोहि दिसत नाहीं. आपल्या जन्मभराच्या दोन विषयांचा मेळ बसत नाहीं असें त्यांनीं स्वतःच जाहीर केलें. ह्या प्रश्नास विद्वान लोक 'मंकचें कोडें' म्हणूं लागले, व २०१५ सालीं इतर संशोधकांनीं त्याची उकल प्रसिद्ध केली, ती पाहण्यास ते हयात होते. जपानचें क्योटो पारितोषिक १९९९ सालीं व स्वीडनचें क्राफोर्ड पारितोषिक २०१० सालीं त्यांस मिळालें. पाकटाच्या कुळांतील एका माशासहि १९८७ सालीं त्यांचें नांव देण्यांत आलें. ८ फेब्रुवारी २०१९ रोजीं, वयाच्या एकशेंएकाव्या वर्षीं, ला होया येथें त्यांचें देहावसान झालें.

हैदराबाद येथें भारत सरकारचें एक समुद्रमाहिती केंद्र आहे. तेथून आपल्या किनाऱ्यावरील मच्छीमारांसाठीं लाटांचे अंदाज निघतात. त्यांत लाटेची जी उंची दिलेली असते ती मंक व स्वेर्ड्रुप यांच्याच मापानें. आणि येथें वारा पडलेला असतांहि दक्षिणेच्या दूरच्या वादळांतून लांब लाटा निघाल्या आहेत, होड्या किनाऱ्याजवळ उभ्या करूं नयेत, अशी सूचनाहि केव्हां केव्हां त्यांत असते. अशा शांत दिवशींची लाटच फसविते. खाडीच्या मुखाशीं, जेथें वाळूचा दांडा असतो तेथें ती एकाएकीं उंच होते, व होडी आडवी करिते. हें तांडेलाच्या मुलास आम्ही सांगावयास नको; त्याच्या घरीं तें आमच्या पुस्तकांपूर्वीं माहीत होतें. माहीत नव्हतें तें इतकेंच कीं, लाट आली कोठून.

तेंहि आतां थोडेंसें कळलें आहे. पुस्तकें वाचून झाल्यावर एका निवांत सकाळीं आम्ही त्याच वर्गास पुन्हां किनाऱ्यावर नेलें. मुलांनीं घड्याळ लावून ओळीनें अकरा माथे मोजले, म्हणजे मधले दहा काळ. एकूण १६० सेकंद भरले. दोन दिवसांनीं त्याच वेळीं मोजले तों १३०. म्हणजे प्रथम सोळा सेकंदांची लाट, मग तेरांची. पहिलीचा वेग ताशीं सुमारें ४५ किलोमीटर, दुसरीचा सुमारें साडेछत्तीस, आणि दोहोंच्या येण्यांत ४८ तासांचें अंतर. फळ्यावर गणित केलें, उत्तर नऊ हजार किलोमीटरांहून थोडें अधिक आलें. गोलावर दोरा धरून तांडेलाच्या मुलानें नैर्ऋत्येकडे मापलें. दोरा मादागास्करच्या पूर्वेच्या पाण्यावरून गेला व आफ्रिकेच्या दक्षिण टोकाखालीं, जेथें नेहमींच वादळें होतात तेथें, संपला.

आमचें मोजमाप ओबडधोबड होतें. एकूण मोजणींत कांहीं सेकंदांची चूक झाली असल्यास उत्तर हजार-दोन हजार किलोमीटरांनीं सहज चुकेल. म्हणून पुढील ऑक्टोबरांत हें काम एक आठवडाभर रोज दोन वेळां करण्याचें ठरविलें आहे. ज्या विद्यार्थ्यांस त्यांत भाग घ्यावयाचा असेल त्यांनीं सेकंदांचा कांटा असलेलें घड्याळ बरोबर आणावें, व पालकांची चिठ्ठी आणण्यास विसरूं नये.